रहीमसाहेबांची तालीम

'तालीम' हा शब्द आपल्या घरांत दोन अर्थांनी वावरतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, कसरत, अंगमेहनत. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाच्या कानाला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात. सय्यद अब्दुल रहीम यांच्याविषयी लिहायला बसलो तेव्हा आम्हाला सर्वांत आधी हाच शब्द आठवला. पेशाने ते शाळामास्तर होते आणि मैदानावर फुटबॉलचे उस्ताद. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये भारत उपांत्य फेरीपर्यंत गेला तोही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली.

२०२४ साली त्यांच्या जीवनावरचा 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला आणि आपल्यातल्या पुष्कळांना हे नाव प्रथमच कळले. चित्रपटाने विजय दाखवले, गर्दी दाखवली, आजारपण दाखवले. ते योग्यच झाले. आमचे कुतूहल मात्र जरा निराळे आहे. एखादा नवा प्रशिक्षक तयार संघाकडे येतो. त्याच्या डोक्यात खेळाची एक पद्धत असते आणि समोर उभी असलेली माणसे दुसऱ्याच पद्धतीने वाढलेली असतात. अशा वेळी कोणी कोणाप्रमाणे बदलायचे? रहीमसाहेबांच्या तेरा वर्षांच्या कामात या प्रश्नाचे उत्तर सापडते आणि ते फुटबॉलपुरते राहत नाही, असे आम्हाला वाटते.

पोलिस ॲक्शननंतरचे हैदराबाद

हा इतिहास आपल्याला परका नाही. आमचा मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यातच होता. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा राज्यात शिरल्या आणि निजामाची राजवट संपली. त्याआधी रझाकारांनी केलेले जुलूम खरे आहेत. त्यानंतर मराठवाड्यातल्या कित्येक गावांत निरपराध मुसलमानांवर जे ओढवले तेही खरे आहे. त्याची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. आपल्या घरांतली वडीलधारी माणसे 'पोलिस ॲक्शन' एवढे दोन शब्द उच्चारून गप्प होत. ज्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून उच्च शिक्षण दिले जात होते तिथले माध्यम बदलले. उर्दूवर पोट असणाऱ्या शिकलेल्या माणसापुढे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला.

या काळाविषयी आपण जे वाचतो ते बहुतेक राजकारणाचे असते. कोण हरले, कोण जिंकले, कोण सीमेपलीकडे गेले. जे राहिले त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केले, हे फारसे लिहिले जात नाही. त्या राहिलेल्यांपैकी एक रहीमसाहेब होते.

त्यांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले आणि विद्यापीठाच्या संघातून खेळले. पुढे काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांत त्यांनी शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन शाळेतल्या खेळांची जबाबदारी सांभाळली. हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद चाळिशीच्या दशकापासून त्यांच्याकडे होते. १९५० साली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. राज्य पडून अजून दोन वर्षेही धड झाली नव्हती.

तयार संघ, नवे मास्तर

सिटी पोलिसांचा संघ काही नवखा नव्हता. नॉर्बर्ट फ्रुवॉल या आधीच्या प्रशिक्षकांनी त्याचा पाया भक्कम घातला होता. खेळाडू पोलिसातले, त्यामुळे परेड, शिस्त, दमसास या गोष्टी त्यांच्या अंगात मुरलेल्या. नव्या माणसाला अशा ठिकाणी दोन मोह होतात. एक, आधीचे सगळे मोडून आपले नवे उभारायचे. दुसरा, चालले आहे ते तसेच चालू द्यायचे आणि श्रेय घ्यायचे. रहीमसाहेबांनी हे दोन्ही टाळले. शिस्त आणि दमसास त्यांनी होते तसे ठेवले. त्यांना खटकत होती ती वेगळीच गोष्ट.

आपल्याकडे फुटबॉल गल्लीत आणि माळावर वाढला. तिथे खेळणारी मुले चिक्कार आणि चेंडू एकच. एकदा पायाशी आला की तो सोडायचा नाही, दोघातिघांना चकवायचे आणि टाळ्या घ्यायच्या. प्रेक्षकही त्यालाच दाद देत. यातून एकेकटे खेळाडू मोठे कसबी झाले, पण चेंडूला जेवढा वेग असतो तेवढा माणसाच्या पायाला नसतो. चकवत जाणारा खेळाडू समोरच्या बचावाला सावरायला उसंत देतो. दोन स्पर्शांत चेंडू पुढे गेला तर ती उसंत मिळत नाही.

हे भाषण देऊन समजावता आले असते. रहीमसाहेब मास्तर असल्यामुळे भाषणाचा परिणाम किती टिकतो हे त्यांना ठाऊक असावे. त्यांनी वेगळा मार्ग धरला. चकवाचकवीला बंदी असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. चेंडू मिळाला की द्यायचाच, असा नियम. कमजोर पायाने खेळण्याच्या स्पर्धा भरवल्या. उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्यानेच मारायचे. नियम बदलला की पाय आपोआप दुसरी सवय लावून घेतो. मुलाला वही डाव्या हातात धरायला लावून दोष काढावा तसा हा प्रकार. यात कोणाला कमी लेखणे नाही, आणि ज्या कसबावर मुले वाढली ते हिरावून घेणेही नाही. चकवण्याचे कसब होतेच. ते केव्हा वापरू नये एवढेच या स्पर्धा शिकवीत होत्या.

याचे फळ आपल्या मुंबईने पाहिले. १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. १९५७ साली पुन्हा नेला. १९५० मध्ये ड्युरॅन्ड कपच्या अंतिम फेरीत त्यांनी मोहन बागानला हरवले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मुस्लिम समाजाचा फुटबॉलमधला अभिमान त्याआधी 'आपल्या' संघांशी बांधलेला होता. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे लीग जिंकली तेव्हा देशभर आनंद झाला होता. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स कप जिंकला. त्या अभिमानाला त्या काळाचे कारण होते. रहीमसाहेबांचा संघ मात्र एका जमातीचा नव्हता, पोलिसांचा होता. त्यात नूर मोहंमद, अझीझुद्दीन होते तसे हिंदू आणि ख्रिस्ती खेळाडूही होते. पोलिस ॲक्शनच्या आठवणी ताज्या असताना त्याच शहराच्या पोलिसांचा हा मिश्र संघ देशभर मैदाने मारीत होता. आम्हाला ही नोंद फार मोलाची वाटते.

हेलसिंकीचा धडा

१९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीला पहिली आशियाई स्पर्धा झाली. रहीमसाहेब राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते, शैलेन मन्ना कर्णधार. अंतिम सामन्यात साहू मेवालालच्या एकमेव गोलावर भारताने इराणला हरवले.

पुढच्याच वर्षी, जुलै १९५२ मध्ये, हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडवला. एक गोल अहमद खानने केला तेवढाच. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. आपल्या कोरड्या, कडक मैदानावर अनवाणी पाय चेंडूवर बोटांसारखा फिरतो. युरोपातल्या थंड, ओल्या गवतावर तोच पाय घसरतो.

पण दोष केवळ पायातल्या बुटांचा नव्हता. मांडणीचाही होता. आपला संघ दोन-तीन-पाच या जुन्या रचनेत खेळे. मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच. ऑफसाइडचा नियम १९२५ साली बदलल्यावर इंग्लंडमध्ये मधल्या हाफला मागे खेचून तिसरा बचावपटू केला गेला होता. आपण पंचवीस वर्षांनंतरही पुढे पाच आणि मागे दोन घेऊन उभे होतो. प्रतिपक्षाने मधून घुसायचे ठरवले की वाट मोकळीच.

दहा गोल खाल्लेल्या प्रशिक्षकाला सबबी पुष्कळ मिळाल्या असत्या. रहीमसाहेबांनी हार स्वीकारून शिकायला घेतले. फेडरेशनने पुढे बूट सक्तीचे केले. मांडणी बदलण्याचे काम मास्तरांचे होते. मागे तिसरा माणूस आला, मधल्या फळीच्या जबाबदाऱ्या नव्याने वाटल्या गेल्या.

नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला सहा-तीनने हरवले. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी पुढे उभाच राहत नसे, मागे येऊन खेळे. त्याच्या मागे जावे तर बचावात भगदाड, न जावे तर तो मोकळा, अशी इंग्लंडच्या मधल्या बचावपटूची कोंडी झाली. ही युक्ती रहीमसाहेबांच्या मनात बसली. कारण उघड आहे. आपले खेळाडू उंचीने, वजनाने कमी. उंच चेंडूवर युरोपियनांशी टक्कर घेण्यात अर्थ नव्हता. चेंडू जमिनीवर ठेवून, जागा बदलत, छोट्या पासांनी खेळणाऱ्याला ही मांडणी सोयीची होती. परक्याची पद्धत त्यांनी घेतली ती प्रतिष्ठित आहे म्हणून नव्हे. आपल्या मुलांच्या अंगाला ती बसते, हे पाहून घेतली. जिथे बसत नव्हती तिथे शिंप्यासारखी उसवून पुन्हा शिवली.

मेलबर्न : एका राज्याच्या अंतानंतर एक महिना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेला, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला चार-दोन असे हरवले. त्या पथकात अझीझुद्दीन, नूर मोहंमद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम असे हैदराबाद-सिकंदराबादचे कितीतरी खेळाडू होते. राज्य मोडले होते, त्याने घडवलेले पाय खेळत होते.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशीच पडायची होती. हंगेरीतला उठाव चिरडला गेला, त्यांचा संघ आलाच नाही. ज्यांच्याकडून धडा घेतला त्यांनाच तो दाखवण्याची संधी हुकली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मात्र ती मांडणी दिसली. आघाडीतला एक जण मागे राहून चेंडू पुरवत होता आणि पुढच्या मोकळ्या जागेत मुंबईचा नेव्हिल डिसोझा धावत होता. मूळ गोव्याच्या या खेळाडूने तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. चौथा गोल कृष्णस्वामीचा. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल नेव्हिलनेच केला, मग मात्र भारत चार-एक असा हरला. ब्राँझपदकाचा सामना बल्गेरियाने जिंकला आणि भारत चौथा राहिला. चार वर्षांपूर्वी याच युगोस्लाव्हियाने दहा गोल केले होते, हे लक्षात घेतले की प्रगती कळते.

१९६० साली रोममध्ये हंगेरीशी सामना झालाच. भारत दोन-एक असा हरला, गोल बलरामचा. फ्रान्सशी एक-एक बरोबरी झाली, गोल कर्णधार पी. के. बॅनर्जींचा. त्या पथकात रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता. तो एकाही सामन्यात उतरला नाही.

बलरामची गोष्ट इथे सांगायला हवी. सिकंदराबादच्या बाजूचा हा गरीब घरचा मुलगा रहीमसाहेबांना दिसला. सरावाला हैदराबादला यायचे तर अंतर लांब आणि खिशात पैसा नाही. सायकलच्या भाड्याची सोय मास्तरांनी केली, असे बलराम सांगत असत. खेळाची पद्धत फळ्यावर काढता येते. ती मैदानात उतरवायची तर मुलगा सरावाला पोहोचला पाहिजे. हेही प्रशिक्षकाचेच काम, असे त्यांनी मानले.

जकार्ता

१९६२ च्या आशियाई स्पर्धेला जाताना रहीमसाहेबांच्या शरीरात कर्करोग शिरलेला होता. आता भारतीय संघ चार-दोन-चार या मांडणीत खेळत होता. चुनी गोस्वामी कर्णधार, जोडीला पी. के. आणि बलराम. बचावात जर्नेल सिंग आणि अरुण घोष. मुंबईत खेळणारे चंद्रशेखर आणि फ्रँकोही संघात होते. हैदराबादचा युसुफ खान होता.

पहिलाच सामना दक्षिण कोरियाने दोन-शून्य असा जिंकला. थायलंडविरुद्ध विजय मिळाला, पण जर्नेलच्या डोक्याला मोठी जखम झाली आणि टाके पडले. बचावपटूला चेंडू सतत डोक्याने परतवावा लागतो, तो आता मागे कसा खेळणार? दुसऱ्या कोणी त्याला घरी बसवले असते. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला नेले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलने गोल केला. भारत तीन-दोनने जिंकला.

४ सप्टेंबरचा अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी होता. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नव्हते. भारताचे गुरु दत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतल्याने जकार्तात भारताविरुद्ध संताप होता. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला होता. मैदानात जवळजवळ सगळे प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. त्या गोंगाटात पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू भारताच्या बाजूने आवाज देत होते, असे आपल्या खेळाडूंनी पुढे आठवणीने सांगितले आहे. आदल्या संध्याकाळी रहीमसाहेबांनी खेळाडूंकडे आपल्यासाठी एक भेट म्हणून ते सुवर्णपदक मागितले, हीही त्यांचीच आठवण.

सतराव्या मिनिटाला पी. के. ने आणि विसाव्या मिनिटाला जर्नेलने गोल केला. कोरियाने शेवटी एक फेडला. भारत दोन-एक असा जिंकला. ज्या माणसाला मूळ मांडणीत जागा उरली नव्हती, त्यानेच निर्णायक गोल केला. हा योगायोग नव्हता. समोरची माणसे पाहून रचना बदलायची, ही सवय सिटी पोलिसांच्या दिवसांपासूनची होती.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब वारले. वय अवघे त्रेपन्न.

मागे काय उरले

त्यानंतर २०२३ पर्यंतच्या एकाही आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्ण मिळालेले नाही. १९६० नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकला पोहोचलेला नाही. याची कारणे अनेक आहेत आणि ती सगळी एका माणसाच्या मृत्यूवर ढकलणे बरोबर होणार नाही. जग व्यावसायिक झाले, इतर आशियाई देश झपाट्याने पुढे गेले. पण एक कारण आपल्या हातातले होते. रहीमसाहेबांनी खेळाडू घडवले. त्यांच्यासारखे मास्तर घडवणारी संस्था मात्र आपण उभी केली नाही. पद्धत एका माणसाच्या डोक्यात आणि डोळ्यांत राहिली, आणि त्याच्याबरोबर गेली.

आपल्या समाजाच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडताना आम्ही पाहतो. एखाद्या मोहल्ल्यात, एखाद्या उर्दू शाळेत एक चांगला मास्तर निघतो. त्याच्या हाताखालून दहा-पंधरा वर्षे मुले पुढे जातात. तो निवृत्त झाला की सारे थांबते. आपण त्याचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो, आणि त्याने नेमके काय केले ते लिहून ठेवत नाही. खेळाचा तास तर अभ्यासक्रम उरकण्यासाठी घ्यायचा तास झाला आहे. काचीगुड्याच्या शाळेतला एक शिक्षक तो तास किती गंभीरपणे घेत असेल, याचा विचार आपल्या संस्थाचालकांनी जरूर करावा.

रहीमसाहेबांच्या पद्धतीविषयी आज जे कळते ते मुख्यतः त्यांच्या खेळाडूंच्या आठवणींतून. पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी २०२० साली गेले. शाहिद हकीम २०२१ मध्ये गेले. सायकलच्या भाड्याची गोष्ट सांगणारे बलराम फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले. आता आठवणी सांगणारे थोडेच उरले आहेत. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, जालना ही गावे त्या काळी याच हैदराबाद राज्यातली. तिथल्या जुन्या घरांत कोणा आजोबांनी सिटी पोलिसांचा सामना पाहिला असेल, कोणी रहीमसाहेबांच्या वर्गात बसले असेल. ते जे सांगतील ते उतरवून घेण्याचे काम निदान आपण तरी हाती घेतले पाहिजे.